देशी पिकअप की परदेशी? आधी पार्ट कुठं मिळतो ते सांगा



गणपती झाले की आमच्याकडे दोन विषय निघतात. एक, यंदा चाफ्याला काय भाव मिळणार. दुसरा, दसऱ्याला जुना टेम्पो काढून नवीन पिकअप कुठला घ्यायचा. या दुसऱ्या विषयावर नाक्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, जपानी गाडीला तोड नाही, एकदा घेतली की दहा वर्षं बॉनेट उघडायला नको. दुसरी म्हणते, आपली महिंद्रा, आपली टाटा, गल्लीतला पोरगापण दुरुस्त करेल, परदेशीच्या नादाला लागू नका.

माझं म्हणणं दोन्ही पार्ट्यांना आवडणार नाही, तरी लिहितो. गाडी कुठल्या देशाची यावर भरवसा ठरत नाही. बंद पडलेली गाडी किती दिवसांत परत रस्त्यावर येते, यावर ठरतो. आणि त्यात आज देशी कंपन्यासुद्धा आपल्याला फसवायला लागल्या आहेत.

आधी देशी म्हणजे काय ते बघू. महिंद्राने १९४७ साली मुंबईत ज्या गाड्या जोडायला घेतल्या त्या अमेरिकेच्या विलीस जीप. टाटांचा ट्रक १९५४ साली निघाला तो जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझशी करार करून, आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. आपण उठता बसता टेम्पो म्हणतो, ते नावसुद्धा जर्मन कंपनीचं. बजाज टेम्पोने १९५८ पासून ते इथं आणलं. पुढं २००५ मध्ये त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, त्याच वर्षी टाटांचा छोटा हत्ती आला, आणि आपण त्या हत्तीलाही टेम्पोच म्हणतो.

आता परदेशी बघा. इसुझूचा डी-मॅक्स २०१६ पासून आंध्र प्रदेशात श्रीसिटीला बनतो. टोयोटाची हायलक्स कर्नाटकात बिदादीला जोडतात. म्हणजे जपानी म्हणून जिचं कौतुक करता ती दक्षिणेतल्या कामगाराने जोडलेली, आणि स्वदेशी म्हणून जिला हार घालता तिचा पणजोबा अमेरिकन नाहीतर जर्मन. मग भांडण कशाचं? पुढच्या जाळीवरच्या बिल्ल्याचं?

हीच लढाई चाळीस वर्षांपूर्वी एकदा होऊन गेली आहे. माझ्या वयाच्या लोकांना आठवेल. १९८० नंतर चार जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन हलके ट्रक विकायला उतरल्या. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. गाड्या चपळ, केबिन छान, डिझेल कमी. टाटांनी १९८६ साली ४०७ आणली. दिसायला रांगडी, पण आपले रस्ते आणि आपला जादा माल माहीत असलेली. त्यात जपानचा येन महागला आणि तिकडून येणारे भागही महागले. डीसीएम टोयोटाची पुढं देवू झाली, ऑल्विन निसान महिंद्राकडे गेली. आयशर आणि स्वराज मात्र टिकले. आज आयशरच्या ट्रकला कोणी जपानी म्हणतं का? नाही म्हणत, कारण त्याचा पार्ट कुठल्याही हायवेला मिळतो आणि कुठलाही मेकॅनिक त्याच्याखाली झोपतो. गाडी देशी होते ती अशी.

आता आपल्या वसईचं बोलू. गास, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यातल्या वाडीवाल्याला पिकअप कशाला लागतो? भाजी, केळी, फुलं पहाटे मुंबईला पोचवायला. सोनचाफा उजाडायच्या आत दादरला पोचला तर पैसे. दहा वाजता पोचला तर पाला. आमच्या माणसाला गाडीच्या ताकदीचं कौतुक नाही, त्याला वेळ पाहिजे.

आणि गाडीला खाणाऱ्या तीन गोष्टी आपल्याकडे बारमाही आहेत. एक, अहमदाबाद हायवेवर घोडबंदरच्या खाडीपुलाजवळची कोंडी. गाडी पहिल्या दुसऱ्या गिअरात तासन्‌तास रांगते, क्लच प्लेट जळते, इंजिन तापतं. दोन, समुद्राची खारी हवा. दरवाज्याची खालची कड, चासीचे बोल्ट, ब्रेकचे पाइप, सगळं गंजतं. तीन, पावसाचं पाणी. जुलै २०१८ मध्ये वसईत दिवसचे दिवस पाणी उतरलं नव्हतं, किती गाड्यांच्या वायरिंगची वाट लागली ते आपण बघितलंय. इथं न बिघडणारी गाडी कोणी बनवलेली नाही, जपाननेही नाही.

म्हणून बिघाड धरूनच हिशेब मांडा. माझ्या ओळखीतल्या एकाकडे परदेशी नावाचा पिकअप आहे. गाडी खरंच चांगली, तीन वर्षं काही नाव नाही. मग एक सेन्सर गेला. पार्ट वसईत नाही, मुंबईतही नाही, मागवावा लागला. अकरा दिवस गाडी दारात उभी. रोज पहाटे भाड्याचा टेम्पो, अठराशे रुपये खेप. म्हणजे १९,८०० रुपये भाडं. सेन्सर होता साडेचार हजाराचा.

देशीवाल्यांनी लगेच हसू नये. माझी स्वतःची गाडी देशी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीची घेतली असती तरी वेगळं झालं नसतं. मागच्या जूनमध्ये मीटरवर पिवळा दिवा लागला आणि गाडी तीसच्या वर पळेना. वालीवच्या माझ्या मेकॅनिकने बाजारातला स्कॅनर लावला, बिघाड कुठं तेही सांगितलं. म्हणाला, "भाऊ, मला कळतंय काय करायचं ते. पण पुढचं काम कंपनीच्या लॅपटॉपशिवाय होणार नाही." सर्व्हिस सेंटरला नंबर लागला चौथ्या दिवशी. तिथं वायर लावली, पाण्याने खराब झालेला एक कनेक्टर बदलला, अर्ध्या तासात गाडी मोकळी. तोपर्यंतच्या तीन पहाटे लोकलने दोन टोपल्या नेता आल्या तेवढा चाफा नेला, बाकीचा वाडीतच पिवळा पडला. सांगा, माझी गाडी स्वदेशी असून मला काय फायदा झाला?

परदेशीवाले नेहमी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतात. बीबीसीच्या टॉप गिअर कार्यक्रमात २००३ साली एक जुनी हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडवली, आपटली, पेटवली, शेवटी पाडायच्या इमारतीच्या डोक्यावर ठेवली, तरी ती चालू झाली. खरी गोष्ट आहे. पण ती गाडी १९८८ ची होती हे कोणी सांगत नाही. आणि अट काय होती? मेकॅनिकने साध्या हत्यारांनी ती चालू करायची, सुटे पार्ट घ्यायचे नाहीत. म्हणजे गाडी बंद पडलीच होती. ती परत सुरू झाली कारण माणसाच्या हाताला आणि पान्याला ती कळत होती. आज शोरूममध्ये उभी असलेली हायलक्स, २०२२ साली जिची सुरुवातच जवळपास ३४ लाखांपासून झाली, तिला तसं समुद्रात बुडवून पान्याने चालू करून दाखवा, मग मी वाद सोडतो. आणि एवढ्या पैशात आपल्याकडे दोन-तीन साधे पिकअप येतात, हेही लक्षात घ्या.

आता मूळ दुखण्यावर येतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धूर कमी झाला पाहिजे यात दुमत नाही, मुंबईच्या धुरात रोज पहाटे मीच जातो. त्यासाठी सेन्सर आले, धुराचा फिल्टर आला, गाडीत कॉम्प्युटर आला. येऊ दे. पण नवीन पार्ट कॉम्प्युटरला ओळखायला लावणं, फिल्टरची सफाई सुरू करणं, दिवा घालवणं, अशी बरीच कामं कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय अडतात. ही किल्ली कंपनीने स्वतःच्या खिशात ठेवली. हवा स्वच्छ ठेवायला सेन्सर लागतो हे पटतं. त्याच्यासाठी माझ्या मेकॅनिकचे हात बांधावे लागतात, हे मला कोणी समजावून सांगावं.

देशी गाडीचं एकच मोठं भांडवल होतं. पत्रा पातळ असेल, दरवाजा खडखडत असेल, पावसात केबिन गळत असेल, पण नालासोपाऱ्याला पार्ट आणि वालीवला मेकॅनिक होता. आपण हे सगळं पोटात घालून ती गाडी घेतली ती या एका गोष्टीसाठी. आता कंपन्या ती गोष्टच काढून घेत आहेत आणि खडखडाट मात्र तसाच ठेवून आहेत. वर जाहिरातीत शेतकऱ्याच्या डोक्याला फेटा बांधून स्वदेशीचं गाणं वाजवतात. परदेशी गाडी निदान गंजायला वेळ लावते आणि चालवताना कंबर वाचवते. तिच्यापुढं आपली किल्लीबंद गाडी कशाच्या जोरावर टिकणार?

कंपनीवाले म्हणतात, बाहेरचा मेकॅनिक शिकलेला नसतो, गाडी बिघडवेल. मग त्याला शिकवा. फी घ्या, परीक्षा घ्या, पास झाला तर सॉफ्टवेअर विकत द्या. आयटीआयमधून दरवर्षी पोरं बाहेर पडतात, त्यांना काम मिळेल. ज्या मेकॅनिकने तीस वर्षं तुमचीच गाडी रस्त्यावर ठेवली, तो एका रात्रीत अडाणी झाला काय?

ही मागणी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं हे त्यातले विषय. पुढं पोर्टलही काढलं. पण पोर्टल वालीवच्या गॅरेजपर्यंत पोचलेलं नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचं जॉन डिअरच्या ट्रॅक्टरवरून हेच भांडण झालं. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला तिथल्या शेतकरी संघटनेशी लेखी समझोता करावा लागला, आणि कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. तिथला हजार एकरवाला जर भांडतो, तर दहा गुंठ्यांच्या वाडीवाल्याने गप्प का बसायचं? त्याच्याकडे दुसरा ट्रॅक्टर असतो. आपल्याकडे एकच टेम्पो असतो.

तेव्हा नाक्यावरचे वाद पुरे. दसऱ्याला गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये रंग आणि मोफत ताडपत्री विचारण्याआधी एवढं विचारा:

क्लच प्लेट, इंजेक्टर आणि मुख्य सेन्सर वसई-विरारमध्ये कुठल्या दुकानात मिळतात, आणि आजचा दर काय?

नसेल तर मागवून किती दिवसांत येतो?

दिवा लागला तर बाहेरच्या गॅरेजला तो घालवता येतो का?

सर्व्हिस सेंटरला मालाच्या गाडीला किती दिवसांनी नंबर लागतो?

हे मॉडेल बंद झालं तर पार्ट किती वर्षं देणार?

तोंडी "काळजी करू नका" चालणार नाही. कागदावर शिक्क्यानिशी लिहून घ्या. जो देणार नाही त्याच्याकडून उठून पुढच्या शोरूममध्ये जा, मग त्याच्या पाटीवर नाशिक लिहिलेलं असो की टोकियो. एकट्याने विचारलं तर हसतील. गावातले दहा जण हाच कागद घेऊन गेले तर मॅनेजर खुर्ची देईल आणि साहेबाला फोन लावेल.