गावानं लिहून द्यावं : हा आमचा, आणि ही लेकरंही आमची



गेल्या वर्षी परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना एक साधं काम दिलं होतं. जुन्या वहीचा पुठ्ठा कापायचा आणि त्यावर स्वतःचं ओळखपत्र तयार करायचं. नाव, इयत्ता, आईचं नाव, वडिलांचं नाव, गाव, पत्ता. मुलं रमली. कुणी फोटोच्या जागी चित्र काढलं, कुणी शाळेचा शिक्का म्हणून बाटलीचं झाकण शाईत बुडवून उमटवलं. चौथीतली एक मुलगी मात्र पत्त्याच्या रकान्यापाशी थांबली. म्हणाली, "गुरुजी, कोणचा पत्ता लिहू? दिवाळीपस्तोरचा का नंतरचा?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता.

आपल्या नांदेड-लातूरकडच्या शिक्षकांना हे नव्यानं सांगायला नको. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, रेणापूर या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूर-पुण्याकडं, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मागं फिरता येत नाही. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये माणसं परत येतात. मधले पाच-सहा महिने लेकरांचा पत्ता म्हणजे उसाच्या फडाजवळची कोपी.

ती मुलगी त्याच्या आदल्या वर्षी आई-वडिलांसोबत गेली होती. तिचे वडील तिला घेऊन फडाजवळच्या एका शाळेत गेले. तिथं विचारलं, "कुठून आलात? कागद काय आहे?" त्यांनी आधार कार्ड दाखवलं. त्यावर पत्ता इकडचा. "गावाकडून काहीतरी लिहून आणा," असं सांगितलं गेलं. गाव साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब. एक दिवस काम बुडालं तर खाडा धरला जातो, पैसे कापले जातात. कागद आणायला कोण जाणार? मुलगी एप्रिलपर्यंत कोपीवर लहान भावाला सांभाळत बसली. परत आली तेव्हा सातचा पाढा विसरली होती.

चूक एकट्या त्या शाळेची नव्हती, माझीही होती. स्थलांतर करणाऱ्या मुलाला मूळ शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे तो जिथं जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. मी ते दिलं नव्हतं. रात्री ट्रक आला, सकाळी घराला कुलूप. मला कळलं तेव्हा ते बीड जिल्हा ओलांडून गेले होते. मला उशिरा कळलं, हीच खरी अडचण आहे आणि आजचा लेख त्याबद्दलच आहे.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ आपण सगळ्यांनी प्रशिक्षणात ऐकलाय. त्यातलं कलम ५ सांगतं की मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे त्या मुलीला त्या दिवशी वर्गात बसवायलाच हवं होतं.

पण याच कायद्यातलं कलम ९ आपण फारसं वाचत नाही. ते स्थानिक प्राधिकरणाबद्दल आहे, म्हणजे जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, ग्रामपंचायत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं हे त्यांचं कर्तव्य आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश होईल हे पाहणं हेसुद्धा त्यांचंच कर्तव्य आहे. माणूस कोण, कुठला, त्याची लेकरं किती, हे गावाला माहीत असायला हवं, आणि गावानं ते लिहून द्यायला हवं. निदान मी तरी कायद्याचा अर्थ असाच लावतो.

आधार आहे की मग!

हा प्रश्न हमखास येतो. देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. पण आधारच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. आधार सांगतं, ही व्यक्ती हीच आहे. ती कुठल्या गावची, आत्ता कामासाठी बाहेर आहे का, सोबत शाळेतली लेकरं आहेत का, हे आधार सांगत नाही. ते सांगू शकतं फक्त गाव.

पूर्वी ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला सर्रास मिळायचा. आता ग्रामपंचायतीच्या अधिसूचित सेवा सात आहेत : जन्म नोंद, मृत्यू नोंद, विवाह नोंद, दारिद्र्यरेषेखालील दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला, नमुना ८ चा उतारा आणि निराधार असल्याचा दाखला. रहिवासासाठी स्वयंघोषणापत्र चालतं. एका अर्थी हे चांगलं झालं. एका दाखल्यासाठी सरपंचाच्या दारात चकरा माराव्या लागत होत्या, गावात भांडण असलं तर दाखला अडवला जात होता. पण हे स्वयंघोषणापत्र परक्या जिल्ह्यात, परक्या गेटवर, परक्या शाळेत किती चालतं? अंगठा उठवणाऱ्या बापानं स्वतःच स्वतःबद्दल लिहून दिलेला कागद लोक हातात घेतात आणि परत करतात. गावाच्या शिक्क्याला मान आहे, गरिबाच्या शब्दाला नाही. हे बरोबर नाही, पण आहे हे असं आहे.

म्हणूनच २०२१ मध्ये राज्य शासनानं ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्र द्यायचं ठरवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजना आणि संत भगवानबाबा यांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी सुरू झालेली शासकीय वसतिगृहं, या सगळ्याची किल्ली ही नोंदणी आहे. मुकादमाच्या वहीत ज्याचं नाव फक्त उचलीच्या आकड्यापुढं असतं, त्याचं नाव पहिल्यांदा गावच्या नोंदीत 'कामगार' म्हणून लागतं. ही लहान गोष्ट नाही.

याची गरज किती होती ते २०२० च्या टाळेबंदीत दिसलं. हंगामाच्या शेवटी माणसं कारखान्यांवर अडकली. एप्रिलमध्ये शासनानं परतीची परवानगी दिली तेव्हा पहिली गरज लागली ती याद्यांची : कोण, कुठल्या गावचा, सोबत किती जण. ती यादी आपल्या गावांत आधीपासून तयार असती तर?

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणं

लांबचं उदाहरण आहे, पण धडा घेण्यासारखा आहे. अमेरिकेत न्यू हेवन नावाच्या शहरानं २००७ मध्ये स्वतःचं रहिवासी कार्ड सुरू केलं. शहरात कितीतरी मजूर असे होते ज्यांच्याकडं देशाचे कागद नव्हते. कागद नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून मजुरी रोख खिशात, आणि म्हणून वाटेत लूट. शहरानं ठरवलं, तुम्ही इथं राहता एवढंच आम्हाला पुरे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहरानंही असंच कार्ड काढलं. तेच कार्ड ग्रंथालयातही चालतं.

यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, कार्ड फक्त गरिबाचं ठेवलं नाही, सगळ्या रहिवाशांना खुलं ठेवलं, त्यामुळं ते दाखवताना कुणाची मान खाली जात नाही. दुसरी, कार्डानं काहीतरी उघडतं. पुस्तक मिळतं, खातं निघतं. नुसतं खिशात ठेवायचं कार्ड कुणी जपत नाही.

शंका आणि माझं म्हणणं

"गुरुजी, शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक काम?" हे मला माझेच सहकारी म्हणतील. खरंय. मतदार यादी आपण करतो, सर्वेक्षणं आपण करतो, मुलांचे आधार जुळवता जुळवता डोळे दुखतात. पण या यादीसाठी आपल्याला नवीन काही करायचं नाही. कोणतं लेकरू दिवाळीनंतर दिसणार नाही, हे वर्गशिक्षकाला ऑगस्टमध्येच माहीत असतं. ते आपल्या डोक्यात आहे, फक्त ग्रामपंचायतीच्या कागदावर नाही.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. कार्ड दार उघडतं, तसं बंदही करतं. उद्या कुणी म्हणालं, "कार्ड नाही, म्हणजे तू गावचा नाहीस," तर? आपल्या जिल्ह्यांत पारधी, वैदू, मसणजोगी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर पालात राहतात. त्यांना घर नाही म्हणून नमुना ८ नाही, आणि नमुना ८ नाही म्हणून ते 'बाहेरचे'. यादी जर फक्त घरपट्टी भरणाऱ्यांची झाली, तर ज्यांना कार्डाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच सुटतील. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : गावाचं कार्ड हे मागणाऱ्याला मिळालं पाहिजे, आणि नसणाऱ्याचं काही अडलं नाही पाहिजे. शाळेनं तर कधीच कार्ड मागून प्रवेश अडवू नये. कार्ड लेकराच्या सोयीसाठी आहे, आपल्या सोयीसाठी नाही.

तिसरी शंका पालकांची. "नाव नोंदवलं तर मुकादम काम देईल का? लेकरं सोबत हायत म्हणून सांगितलं तर?" ही भीती खरी आहे. तिला एकट्या घरानं तोंड देऊ नये. अख्ख्या तांड्याची, अख्ख्या वाडीची नोंद एकदम झाली, तर एकटं कुणी उघडं पडत नाही.

मग करायचं काय?

माझी सूचना साधी आहे. आज कामगाराचं ओळखपत्र ग्रामपंचायत देते आणि लेकराचं हमी कार्ड शाळा देते. दोन खाती, दोन याद्या, आणि मध्ये लेकरू हरवतं. या दोन याद्या एका टेबलावर आणू या.

१५ ऑगस्टला ग्रामसभा असते. तिथं मुख्याध्यापकांनी किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी उभं राहून विचारावं, यंदा कोण कोण जाणार आहे? कोणती लेकरं सोबत जाणार, कोणती आजीजवळ राहणार? आजीजवळ राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव तेव्हाच तयार होईल, जेवण डिसेंबरमध्ये नाही तर पहिल्या दिवसापासून मिळेल.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, म्हणजे ट्रक यायच्या आधी, दोन्ही कार्डं सगळ्यांसमोर हातात द्यावीत. बापाच्या हातात ओळखपत्र, लेकराच्या हातात हमी कार्ड. आईचं ओळखपत्र वेगळं, कारण कोयता दोघांचा असतो आणि घामही दोघांचा. हमी कार्डावर गावाचा शिक्का, शाळेचा शिक्का आणि दोन फोन नंबर, शाळेचा आणि ग्रामपंचायतीचा. पलीकडच्या गुरुजींना शंका आली तर त्यांनी फोन लावावा. आपण सांगू, "हो सर, आमचीच आहे. सातच्या पाढ्यापर्यंत आलीय, पुढचं तुम्ही घ्या."

पालकहो, तुमच्यासाठी एवढंच : जायच्या आधी शाळेत एक चक्कर मारा. रात्री ट्रक येणार असला तरी दुपारी या. आम्ही रागावणार नाही. पोट भरायला जाणाऱ्याला रागवायचा आम्हाला काय अधिकार? फक्त लेकराच्या हातात कागद द्यायची संधी आम्हाला द्या. आणि तो कागद पेटीत तळाला नको, शाळेच्या दप्तरात ठेवा.

आणि पश्चिम महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माझ्या शिक्षक मित्रांनो, फडावरचं एखादं लेकरू दारात उभं राहिलं तर आधी आत घ्या. कागद नंतर बघू.

त्या मुलीनं शेवटी पुठ्ठ्यावर काय लिहिलं ते सांगायचं राहिलं. मी म्हणालो, दोन्ही पत्ते लिही. तिनं वर आपलं गाव लिहिलं, खाली लिहिलं "कोपी, ऊस", आणि विचारलं, "गुरुजी, ह्याच्यावर खरा शिक्का मारता का?"

मी शाळेचा शिक्का मारला. त्या पुठ्ठ्याची कायद्यानं काही किंमत नाही हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. येत्या २ ऑक्टोबरला तिच्या हातात किंमत असलेलं कार्ड पडावं, ही माझी धडपड आहे. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत असं कोण आहे, ते आजच वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा. यादी तिथूनच सुरू होते.