सोडतीतील हक्क आणि संधीचे गणित

वसईच्या होळी परिसरातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाने आपल्या मुलाला खासगी शाळेत विनाशुल्क प्रवेश मिळण्याची शक्यता शासकीय आकड्यांत शोधू पाहिली, तर उत्तर वरकरणी आशादायक दिसते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखून ठेवल्या आहेत. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात अशा सुमारे १ लाख ९ हजार जागांकरिता ३ लाख ५ हजारांच्या आसपास अर्ज आले. म्हणजे तीन अर्जांमागे एकीहून किंचित अधिक जागा. परंतु या सरासरीवर विसंबून कोणत्याही पालकाने निश्चिंत राहू नये.

कारण मागणी सर्वत्र सारखी नसते. नामवंत शाळांवर अर्जांची झुंबड उडते, तर अन्यत्र जागा रिकाम्या राहतात. त्यातच एक किलोमीटरच्या आतील मुलांना अग्रक्रम देण्याची पद्धत आहे. समजा, एका शाळेत राखीव जागा दहा आणि एक किलोमीटरच्या आतील अर्ज तीस. तेथील मुलाची संधी एकतृतीयांश ठरेल. दोन किलोमीटरवरील मुलाची जवळजवळ शून्य. अनेक शाळांची नावे भरल्याने संधी वाढते खरी, पण त्या पटीत नव्हे. कारण तेच स्पर्धक त्या शाळांतही रांगेत असतात.

वसईपुरती आणखी एक अडचण आहे. येथे ख्रिस्ती संस्थांच्या शाळांची परंपरा जुनी आहे. परंतु अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्याची शिफारस केली. तथापि, त्यामुळे आजच्या अर्जदाराची यादी लांबत नाही.

प्रवेश मिळाला तरी साहाय्य पुरेसे असते काय? कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत, ऐन शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर, पूर्ण शुल्क पालकांपुढे उभे राहते. वाहतूक, सहली व उपक्रम यांचा भार बहुधा आरंभापासूनच त्यांच्यावर असतो. दुसरीकडे, शासन शाळांना प्रत्यक्ष शुल्क किंवा स्वतःचा प्रतिविद्यार्थी खर्च यांपैकी कमी असेल तेवढीच रक्कम देते. महाराष्ट्रात ही मर्यादा वार्षिक १७,६७० रुपये ठरवण्यात आली, आणि तीही वेळेवर मिळत नाही, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. मग शाळांना उत्साह कोठून असणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये तर शासनाने, शासकीय वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळांना या दायित्वातून मोकळे करणारी अधिसूचना काढली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२४ मध्ये रद्द केली, हे सुदैवच म्हणावयाचे.

वंचित गटातील सामाजिक प्रवर्गांना उत्पन्नाची अट नाही. परंतु इतरांसाठी वार्षिक १ लाख रुपयांची मर्यादा घातली गेली. महिन्याला ८,३३३ रुपयांहून थोडे अधिक मिळवणारा खुल्या प्रवर्गातील कारकून तीत बसत नाही, आणि खासगी शाळेचे शुल्कही त्याला झेपत नाही. त्याची संधी गणिताने काढण्याचे कारणच उरत नाही.

उपाय अवघड नाहीत. मागील वर्षीचे शाळावार व अंतरवार अर्ज प्रवेशप्रक्रियेपूर्वी प्रसिद्ध करावेत. उत्पन्नमर्यादा महागाईशी जोडावी. साहाय्य दहावीपर्यंत वाढवावे आणि शाळांचे देणे वर्ष संपण्यापूर्वी चुकते करावे. मात्र यातील काहीही सार्वजनिक शाळेची जागा घेऊ शकत नाही. सोडतीत नाव न आलेले मूल जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत जाईल, तिचा दर्जा हाच या धोरणाचा खरा निकष आहे. हक्काला सोडतीची गरज भासते, तेव्हा तुटवडा जागांचा नसतो; चांगल्या शाळांचा असतो.