वर्णरेषा आणि मराठी वाक्य

डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे होते. त्या निवडीने विज्ञानकथेचा सन्मान झाला. विज्ञानविषयक वैचारिक गद्य मात्र आमच्या वर्गांत उपेक्षितच राहिले. 'मराठीत परिभाषा नाही' ही त्यावरची ठरलेली सबब. ती एका उदाहरणावर तपासून पाहू.

रुबिडियमच्या वाफेतले अणू सैरावैरा धावत असतात. त्यामुळे ७८० नॅनोमीटरजवळची त्यांची शोषणरेषा डॉप्लर परिणामाने सुमारे ५०० मेगाहर्ट्झ इतकी फुगते. तिची नैसर्गिक रुंदी जेमतेम ६ मेगाहर्ट्झ. मग एकाच लेसरचे दोन किरण समोरासमोरून सोडतात. एका संक्रमणापुरते पाहिले, तर दोघांनाही एकाच वेळी प्रतिसाद देतात ते किरणांच्या दिशेने न सरकणारे अणू. प्रबळ किरण त्यांतल्या बऱ्याच अणूंना उत्तेजित करून ठेवतो. म्हणून दुर्बळ किरण तेथे कमी शोषला जातो आणि रुंद रेषेत एक बारीक खाच उमटते. वाफेत दुसरा वायू मिसळला, की अणूंच्या टकरींमुळे ती खाच पुन्हा पसरट होते.

एवढे सांगताना एकही नवा शब्द घडवावा लागला नाही. उणीव आहे ती कारणाला कार्य जोडत नेणाऱ्या वाक्यांच्या सरावाची. आणि तो सराव करून घेणे हे मराठीच्या अध्यापकाचेच काम आहे.