डोन गावी दोन दिवस

वाचकहो, 'हवापालट' हा शब्द आपल्या बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झाला आहे. आमच्या लहानपणी औषधाने गुण येईनासा झाला, की वैद्यबुवा आणि डॉक्टर दोघेही हवापालटाचा सल्ला देत आणि घरातील वडीलधारी मंडळी 'आता कोणत्या नातलगाकडे जावे' या विचारात पडत. आज आजारी माणसाला कोणी डोंगरावर पाठवीत नाही. धडधाकट माणसेच शनिवारी पहाटे गाडी काढतात आणि रविवारी रात्री थकून परततात. आमचे सुरत शहर तर या बाबतीत फार उत्साही. दोन दिवसांची सुटी जोडून आली, की निम्मे शहर रस्त्यावर आणि उरलेले निम्मे 'आपण का गेलो नाही' या हळहळीत!

डोंगरावर विश्रांतीसाठी जाण्याची ही हौस आपल्याकडे साहेबाने आणली. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० साली माथेरानच्या डोंगरावर चढला आणि पुढे तेथे बंगले उठले. पुष्कळशा थंड हवेच्या ठिकाणांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे. गुजरातची गोष्ट मात्र निराळी. आबूचा डोंगर १९५६ साली राजस्थानात गेला आणि १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, तेव्हा त्याच्या वाट्याला थंड हवेचे नाव घेण्याजोगे ठिकाण उरले नव्हते. म्हणून डांगातील सापुताऱ्याच्या पठाराची निवड झाली. तलाव झाला, बागा झाल्या, विश्रांतिगृहे उभी राहिली. आज सापुतारा कोणाला ठाऊक नाही? परंतु त्या पठारावर पूर्वीपासून माणसे राहत होती. त्या आदिवासी कुटुंबांना तेथून उठवून खाली नवागाम येथे वसविण्यात आले, हे नौकाविहार करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना माहीत असते? आपल्या विश्रांतीची जागा ही कोणाची तरी राहती जागा असते, एवढे भान ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

यंदा मार्गशीर्षात आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती असे दोघे सापुताऱ्याऐवजी डोन या गावी जाऊन आलो. डोन हे डांग जिल्ह्यातील अगदी महाराष्ट्राच्या सीमेवरचे, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले लहानसे गाव. उंचीला ते सापुताऱ्याच्या तोडीचे. द्रोणाचार्यांचा आश्रम येथे होता आणि 'द्रोण' या नावाचेच 'डोन' झाले, असे लोक सांगतात. जवळच्या अंजनी पर्वतावर मारुतिरायाचा जन्म झाला, अशीही श्रद्धा आहे. मारुतीच्या जन्माचा मान सांगणारी स्थळे आपल्या देशात अनेक आहेत. त्यांचा निवाडा आम्ही करीत नाही. ज्या डोंगरावर पहाटे इतका वारा सुटतो, तेथे पवनपुत्राची आठवण होणे साहजिकच म्हणावयाचे!

कोसाडहून सुरत, सुरतेहून बिलीमोरा आणि तेथून वघईपर्यंत अरुंद रुळांची छोटी आगगाडी, असा मार्ग आम्ही मुद्दाम निवडला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या राजवटीत १९१३ च्या सुमारास सुरू झालेला हा ६३ किलोमीटरचा लोहमार्ग. २०२० मध्ये ही गाडी बंद पडली, लोकांनी आवाज उठविला आणि २०२१ मध्ये ती पुन्हा धावू लागली. तिला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. घाई असलेल्याने तिच्या वाटेस जाऊ नये. पण सपाट प्रदेशातील ऊस, केळी आणि आमराया मागे पडून सागाचे जंगल कसे सुरू होते, हे पाहावयाचे असेल तर याहून चांगले साधन नाही. वघईहून अहव्यापर्यंत बस आणि अहव्याहून पुढे चिंचलीकडून डोनपर्यंत जीप, असा उरलेला प्रवास केला.

वाटेत दोन्ही बाजूंस साग आणि बांबू. या सागापायीच इंग्रजांचे लक्ष डांगाकडे गेले. १८४२ साली त्यांनी भिल राजांकडून येथील जंगल पट्ट्याने घेतले आणि डांगचे लाकूड मुंबईच्या गोदीकडे जाऊ लागले. त्या राजांच्या वारसांना आजही होळीच्या आधी अहव्याला भरणाऱ्या 'डांग दरबारा'त सालियाना दिला जातो. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, पण डांगचा हा मान चालू राहिला. मुंबई राज्याची वाटणी होईपर्यंत डांग मराठीचा की गुजरातीचा, हा वाद मोठ्या हिरिरीने लढला गेला. १९६० मध्ये डांग गुजरातकडे आला आणि वाद शमला. डांगी माणूस मात्र आपली डांगीच बोलत राहिला.

ही डांगी ऐकणे हा आम्हांस या प्रवासातील सर्वांत मोठा लाभ वाटतो. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात डांगीची गणना खानदेशीबरोबर केली आहे. पुस्तकातले हे वर्गीकरण आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते, पण त्याचा प्रत्यय आमच्या सौभाग्यवतींना आमच्या आधी आला. त्यांचे माहेर धुळ्याकडचे. ज्या घरी आम्ही उतरलो, तेथील आजींशी त्या अहिराणीत बोलू लागल्या, आजी डांगीत उत्तरे देऊ लागल्या आणि मराठीची पदवी पदरी असलेले आम्ही मध्येच कोठे तरी अडखळत त्यांचे संभाषण ऐकत राहिलो. सीमा नकाशावर असते. चुलीपुढे बसलेल्या दोन बायकांना ती फारशी अडवीत नाही.

घर कुडाचे, शेणामातीने सारवलेले, वर कौले. एका कोपऱ्यात धान्याची कणगी. जेवणात नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा. आपण जिला नाचणी म्हणतो तीच ही नागली. डोंगरउतारावर, बेताच्या मातीत, पावसाच्या भरवशावर ती येते. २०२१ मध्ये डांग हा संपूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर झाला. आजींना त्या घोषणेचे फारसे अप्रूप नव्हते. रासायनिक खत विकत घेण्याइतका पैसा त्यांच्या घरात कधी खेळलाच नव्हता. रात्री दूरच्या वस्तीवरून पावरीचे सूर येत होते. दुध्या भोपळ्याचे हे लांबलचक वाद्य डोंगरदेवाच्या उत्सवात वाजते आणि तो उत्सव मार्गशीर्षातलाच. थंडी कडक होती, आकाश चांदण्यांनी गच्च भरले होते आणि आमच्यासारख्या शहरवासीयांना झोप लागू नये इतकी शांतता होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावातून फेरफटका मारला. पूर्वेस बागलाणचे डोंगर उभे होते, ज्या मुलखात साल्हेर आणि मुल्हेर हे किल्ले आहेत. देखावा असा, की त्याचे वर्णन करण्याच्या भरीस न पडणेच बरे. पण आमचे लक्ष देखाव्यावरून दुसरीकडे गेले. वस्तीतील कितीतरी घरांना कड्या घातलेल्या होत्या. अंगणात म्हातारी माणसे होती, शेरडे होती, एकदोन ठिकाणी थोरल्या बहिणीच्या कडेवर लहान भावंड होते. कर्त्या वयाची माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आम्ही आजींना विचारले, "गावात आज बाजार आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही गुरुजी, सगळे ऊस तोडायला गेले. माझा मुलगा, सून आणि नातूही. तुमच्या सुरतेकडेच आहेत ते, सायणच्या बाजूला. तुम्ही तिकडचेच ना? तुम्हांला कधी दिसले का?"

आमच्या कोसाड स्थानकावरून उत्तरेस निघालेली गाडी थोड्याच वेळात सायणला पोहोचते. तेथे सहकारी साखर कारखाना आहे. त्या रस्त्याने आम्ही अनेकदा गेलो आहो. शेतांच्या कडेला उसाच्या पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या झोपड्या नेहमीच दिसतात. आजींच्या प्रश्नाला 'नाही' याखेरीज उत्तर देता येण्यासारखे नव्हते. हजारो माणसांतून त्यांचा मुलगा कसा ओळखावा? पण प्रश्न काही मनातून जाईना.

वाचकांपैकी ज्यांना या कामाची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातचे साखर कारखाने सुरू होतात आणि गळिताचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. तोडणीसाठी माणसे येतात ती मुख्यतः डांगातून आणि खानदेशातून, म्हणजे धुळे-नंदुरबारकडून. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, म्हणजे माणसांची मोजणीच हत्याराच्या नावाने होते. पावसाळ्यात, घरातले धान्य सरत आलेले असताना, मुकादम उचल देतो. ती फेडण्यासाठी हिवाळाभर पहाटेपासून ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या आणि गाडीत भरावयाच्या. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोली भागातील या तोडकऱ्यांविषयी १९७८ सालीच सविस्तर लिहून ठेवले आहे. त्याला आता चार तपे होत आली. उसाच्या जाती बदलल्या, कारखान्यांची यंत्रे बदलली. डोंगरावरून उतरणारी माणसे मात्र कोयता घेऊन उतरतच आहेत.

त्यांना उतरावे का लागते? डांगात पाऊस तुफान पडतो, परंतु उतारावरून तो तसाच धावत नद्यांना मिळतो. अंबिका आणि पूर्णा ते पाणी खाली आपल्याकडे घेऊन येतात. डोंगरावर दुसऱ्या पिकापुरतेही पाणी राहत नाही आणि उन्हाळ्यात विहिरीही तळ गाठतात. जेथे पाणी गेले, तेथे माणूस त्याच्या मागोमाग गेला, इतकी ही साधी गोष्ट आहे. आपण चहात घालतो ती साखर त्या पाण्याची आणि त्या माणसांची आहे.

मास्तराचा स्वभाव असा, की कोठेही गेले तरी आधी मुलांची चौकशी. आजींचा नातू आठ वर्षांचा, तिसरीत. आईबापांबरोबर तो उसाच्या फडावर गेला होता. त्याची गुजराती वाचनाची पुस्तिका कणगीवर नीट ठेवलेली होती. गावोगावी हंगामी वसतिगृहांची सोय असते, परंतु इतक्या लहान मुलाला मागे ठेवण्याचा धीर आईला होत नाही. येथे कायदा काय म्हणतो, ते प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने ध्यानात ठेवावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्यावर आले म्हणून, किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून, शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून आम्ही हे जबाबदारीने सांगत आहो. अडचण कायद्याची नसते. त्या मुलाला हाताला धरून शाळेच्या दारापर्यंत आणणारा कोणी नसतो, ही खरी अडचण आहे.

आणि येथे आपल्या समाजाचा संबंध येतो. नंदुरबारकडून येणारी मुले गावी मराठी शाळेत शिकतात. येथे फडावर आली, की त्यांना चार-पाच महिने कोणतीच शाळा नसते. सुरतेतील मराठी शाळांचा पट टिकावा म्हणून आपण सभा घेतो, ठराव करतो. मग ही मराठी वाचणारी मुले आपल्याच शिवारात असताना त्यांच्याकडे आपली नजर का जाऊ नये? डांगी मूल गुजराती शाळेत जाईल, खानदेशी मूल मराठी शाळेत येईल. दोघांचे वर्ष वाया जाणार नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

रविवारी दुपारी निघताना आम्ही राहण्या-जेवणाचे पैसे पुढे केले, तेव्हा आजी संकोचल्या. पाहुण्याकडून पैसे घेणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. सौभाग्यवतींनी नातवाच्या वह्यांसाठी म्हणून ते त्यांच्या हाती दिले आणि त्यांच्याकडून नागलीचे पीठ विकत घेतले. घासाघीस केली नाही. डोंगराळ गावी जाणाऱ्यांनी हे मुद्दाम करावे. हॉटेलात जेवढे मोजतो तेवढे घरात मोजावे, खाण्याच्या वस्तू शहरातून पोत्याने नेऊ नयेत, नेलेला प्लॅस्टिकचा कचरा परत आणावा आणि माणसांची छायाचित्रे विचारल्यावाचून घेऊ नयेत. डोनचे नाव आता पर्यटकांच्या तोंडी येऊ लागले आहे. रस्ते होतील, विश्रांतिगृहे होतील. व्हावीतच. त्यांतून गावातल्या कर्त्या माणसाला गावातच चार महिने काम मिळाले, तर आजींच्या शेजारची बंद घरे उघडी राहतील. मात्र विश्रांतिगृहांसाठी पुन्हा कोणाला नवागामला पाठवावे लागू नये.

आमचे कोसाड २००६ पर्यंत सुरतेच्या हद्दीबाहेरचे एक गाव होते. आज येथे वसाहती उठल्या आहेत आणि नाना प्रांतांची माणसे राहतात. आपले वाडवडीलही कधी ना कधी गाव सोडूनच या भागात आले. गाव सोडून आलेल्या माणसाला पहिला आधार कोणाचा होतो, हे आपल्याइतके कोणास कळावे? हंगाम संपावयास अजून तीन-चार महिने आहेत. मंडळाच्या येत्या बैठकीत आम्ही एक सूचना मांडणार आहो. प्रत्येक रविवारी आपल्यापैकी चार कुटुंबांनी जवळच्या फडावर जावे, मुलांची नावे, इयत्ता आणि माध्यम लिहून आणावे आणि ती यादी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे पोहोचवावी. पहिली यादी सायणच्या बाजूची करू, असे आम्ही मनाशी ठरविले आहे. डोनच्या त्या तिसरीतल्या मुलाचे नाव आमच्या वहीत लिहिलेले आहे.