दोन खांब व एक तुळई

नाशिक शहराच्या कडेला एक लहानसा सुतारखाना आहे. वर पत्र्याचें छप्पर, तीन बाजू मोकळ्या, मध्यें जाड फळ्यांचीं दोन मेजें, आणि करवत-रंधा घेऊन राबणारीं चार माणसें. याहून तेथें पाहण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. पलंग व कपाटें येथें होत नाहींत. येथें होतात तीं बागेंतलीं कामें : वेलींचे मांडव, फाटकावरच्या कमानी, जाळीचे आडोसे, झोपाळ्याच्या चौकटी, झाडाखालीं ठेवावयाचे बाक. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशीं आम्ही कांहीं कामानिमित्त तेथें गेलों आणि तासाभराचें काम असतां अर्धा दिवस रमलों. तेथें जें पाहिलें त्यावरून जो विचार मनांत आला, तो विद्यार्थ्यांपुढें व विशेषतः त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या कामाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. बागेंतलें सुतारकाम घरांतल्या सुतारकामाहून कठीण आहे. घरांतलें कपाट सावलींत जन्मतें व सावलींतच म्हातारें होतें. बागेंतल्या मांडवास तें सुख नाहीं. चैत्र-वैशाखांतलें चाळीस अंशांच्या घरांतलें ऊन, मग चार महिने पाऊस, मग थंडींतलें दंव, असा त्याचा वर्षाचा संसार. लांकूड ओलाव्यानें फुगतें व उन्हानें आकसतें. आणि हें फुगणें-आकसणें लांबीच्या दिशेनें जवळजवळ नसतेंच, तें रुंदीच्या दिशेनें असतें. ज्यास हें ठाऊक नाहीं तो रुंद फळी दोन्ही कडांना घट्ट खिळवून मोकळा होतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यांत ती मध्यें तडकते. ज्यास ठाऊक आहे तो तिला हलावयास थोडी जागा ठेवतो.

खांबाचीही तीच कथा. जमिनींत पुरलेला खांब प्रथम कुजतो तो अगदीं तळाशीं नव्हे व शेंड्याशींही नव्हे. जेथें माती संपते व हवा सुरू होते त्या वीतभर पट्ट्यांत कुजतो, कारण ओल व हवा यांची गांठ तेथेंच पडते. आमच्या पूर्वजांस हें चांगलें कळत होतें. सराफ बाजारांतला सरकारवाडा किंवा जुन्या नाशकांतले वाडे पाहा. लांकडी खांब मातींत न पुरतां दगडी तळखड्यावर उभा करावा, ही त्यांची रीत. त्या सुतारखान्यांतही खांबाखालीं दगड किंवा लोखंडी पाय दिल्यावांचून काम बाहेर जात नाहीं. खांबाच्या शेंड्यास उतार द्यावयाचा, म्हणजे उभ्या धाग्यांतून पाणी आंत जिरत नाहीं. तुळई नुसती खिळ्यांनीं ठोकावयाची नाहीं. खांबास कुसूं काढून तें तुळईच्या खाचेंत बसवावयाचें व आरपार लांकडी खुंटी मारावयाची. सागाच्या गाभ्याचें लांकूड तेवढें घ्यावयाचें, कारण त्यांत नैसर्गिक तेल असतें व वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. कडेचें पांढरट लांकूड मात्र ती आवडीनें खाते. एकदां रंग चढला म्हणजे गाभा व कड यांतला भेद गिऱ्हाइकास दिसत नाहीं. दोन पावसाळे गेले म्हणजे दिसतो.

एक खाच आम्हांस इतकी नेटकी दिसली कीं, आम्हीं सहज विचारलें, “मिस्त्री, तुळई बसल्यावर ही आंतली खाच कोण पाहणार आहे?” मिस्त्री पटाशी न थांबवितां म्हणाले, “पाऊस पाहतो, साहेब.”

त्याच जागीं एक शाळकरी मुलगा रंधा चालवीत होता. नववीची परीक्षा होऊन सुटींत तो तेथें येऊं लागला होता. दुपारीं त्याचे वडील त्यास नेण्यास आले. गृहस्थ सुशिक्षित व सभ्य होते. मुलानें स्वतः केलेली बाकाची एक पाठ मोठ्या हौसेनें पुढें धरली. त्यांनीं ती पाहिली, कौतुकही केलें, पण जातां जातां मिस्त्रींच्या देखत म्हणाले, “सुटीपुरतें ठीक आहे. शाळा उघडली कीं हें बंद. शिकूनसवरून सुतार का व्हायचें आहे?” मुलगा खालीं मान घालून निघून गेला. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्या गृहस्थांच्या मनांत कोणाचा अपमान करण्याचा हेतु नव्हता, हें आम्ही जाणतों; किंबहुना आपण जें बोललों तें अपमानास्पद आहे हें त्यांच्या ध्यानींही आलें नाहीं. दुःख वाटतें तें याचेंच. ज्याच्या हातून आपला मुलगा सुटीभर शिकला, त्या गुरूसमोर आपण त्याच्या विद्येस कमी लेखलें, हें त्यांस जाणवलेंच नाहीं. आणि आम्हां पुष्कळ पालकांची स्थिति याहून निराळी नाहीं.

शाळेंत सुतारकाम शिकविण्याची गोष्ट आमच्या शहरास नवीन नाहीं. शरणपूर रस्त्यानें आपण रोज जातों. परंतु त्या नांवामागची कथा किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे? सन १८५४ मध्यें चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनीं नाशिकजवळ ही वसाहत स्थापिली. सन १८६० च्या सुमारास तेथें आफ्रिकेंतलीं मुलें येऊं लागलीं. गुलामांचा व्यापार करणाऱ्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं, आईबाप व गांव हरवलेलीं अशीं हीं लेंकरें. त्यांस लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम इत्यादि धंदे शिकविले जात. सन १८६५ मध्यें प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबई प्रांतांत आले असतां त्यांनीं येथील नऊ तरुण आपल्या सफरीकरितां निवडले. पुढें सन १८७२ मध्यें आणखी कांहीं नाशिककर तरुण त्यांच्याकडे रवाना झाले, त्यांत जेकब वेनराइट हा होता.

मे १८७३ मध्यें आजच्या झांबिया देशांतल्या चितांबो या गांवीं लिव्हिंग्स्टन वारले. सुसी व चुमा या विश्वासू सेवकांच्या पुढारपणाखालीं त्या मंडळींनीं त्यांचें शव हजार मैलांहून अधिक वाट तुडवून समुद्रकांठीं आणिलें, ही हकीकत जगास ठाऊक आहे. परंतु निघण्यापूर्वीं त्यांनीं काय केलें, तें आमच्या विषयास फार जवळचें आहे. जेथें लिव्हिंग्स्टन यांचें हृदय पुरलें तेथें एक मोठें झाड होतें. जेकबनें उत्तरक्रियेची प्रार्थना वाचली व त्या झाडाच्या खोडांत त्यांचें नांव व तिथि कोरली. शिवाय त्या मंडळींनीं तेथें दोन उंच जाड खांब रोवून वर तितकीच बळकट तुळई बसविली, दाराच्या चौकटीसारखी. आणि नावेसाठीं आणलेलें डांबर त्या लांकडांस चोपडलें, कीं ती खूण पुष्कळ काळ टिकावी.

दोन खांब व एक तुळई! बागेंतला मांडव म्हणजे तरी याहून वेगळें काय असतें? संकटाच्या त्या घटकेस, परक्या मुलखांत, धन्याचा आधार गेला असतां त्या माणसांस काय उपयोगी पडलें? अक्षरें उपयोगी पडलीं, आणि तीं लांकडांत उमटविणारा हातही उपयोगी पडला. कोणतें लांकूड टिकतें व ओलीपासून तें कसें राखावें, याची जाणीव उपयोगी पडली. जेकब शवाबरोबर इंग्लंडला गेला व १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत झालेल्या अंत्यविधींत पेटीचे गोंडे धरणाऱ्यांत तो एक होता. कोरलेल्या अक्षरांचा खोडाचा भाग सन १८९९ मध्यें झाड तोडल्यावर लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे पाठविण्यांत आला. शरणपुरांत शिकलेल्या हातानें केलेलें तें काम सव्वीस वर्षांचें ऊन-पाऊस सोसून उरलें होतें.

या कथेंत एक कडू गोष्टही आहे, ती आम्ही लपवूं इच्छित नाहीं. त्या मुलांस हातानें काम करण्यास शिकविलें तें तीं अनाथ होतीं म्हणून. तीं पोटापाण्यास लागावींत म्हणून. ज्यांस आईबाप होते, घर होतें, शेतवाडी होती, त्यांच्या मुलांस केवळ पुस्तकें देणें पुरेसें आहे असेंच त्या काळींही समजत. आमच्या समाजांत तर या समजुतीस जातीची भिंत होती. रंधा सुताराच्या घरीं राहिला व लेखणी दुसऱ्यांच्या. त्यामुळें सुतारास आपली विद्या लिहून ठेवतां आली नाहीं, आणि लिहिणाऱ्यास लांकूड कळलें नाहीं. दोघांचेंही नुकसान झालें. आज भिंत पुष्कळ पडली आहे. पण तिची सावली त्या गृहस्थांच्या वाक्यांत आम्हांस अजून दिसली. ज्या शाळेंत रोज सकाळीं प्रार्थना होते, त्या शाळेच्या अंकांत तरी आठवण देणें योग्य होईल कीं, नासरेथच्या लोकांनीं येशूचें बोलणें ऐकून त्याच्याविषयीं अडखळण घेतलें तें ‘हा तर सुतार’ असें म्हणूनच.

कोणी म्हणतील, आतां यंत्रें आलीं. खाचा यंत्र पाडतें, मग हातानें शिकून काय लाभ? त्या सुतारखान्यांतही विजेची करवत आहे व ती असावीच. परंतु फळी उचलून तिचा गाभा कोणता व कड कोणती, ती उन्हांत कोणीकडे वळेल, हें यंत्र सांगत नाहीं. कोणी म्हणतील, अभ्यासास वेळ पुरत नाहीं. त्यांस आम्ही विचारतों, हा अभ्यास नव्हे काय? मांडवाचे चार खांब काटकोनांत उभे करावयाचे असतां मिस्त्री एका बाजूस तीन फूट व दुसऱ्या बाजूस चार फूट मोजून खुणा करतात आणि दोन खुणांमधील अंतर पांच फूट भरतें कीं नाहीं तें पाहतात. पायथागोरसचा सिद्धांत आमचीं मुलें पाठ करतात. तो दोरी व खुंटी घेऊन जमिनीवर मांडलेला किती जणांनीं पाहिला आहे? कोणी आणखी म्हणतील कीं, जंगलें आटत असतां बागेच्या शोभेसाठीं साग कापावा काय? हा आक्षेप खरा आहे व आम्हांस तो मान्य आहे. आमच्या जिल्ह्यांत द्राक्षवेलीस पूर्वीं पांगाऱ्याच्या जिवंत खुंटाचा आधार देत; आज मळ्यांतून लोखंडी अँगल व तारांचे मांडव आहेत, तें ठीकच आहे. परंतु यांतूनच एक धडा निघतो. साग पुरता वाढावयास पन्नास-साठ वर्षें लागतात. त्याचा मांडव पांच वर्षांत कुजला, तर दोष पावसाचा नव्हे, करणाराचा. जें झाड इतकीं वर्षें उभें राहिलें, त्याचें लांकूड निदान तितकीं वर्षें उभें राहिलें पाहिजे, ही जबाबदारी ज्याच्या हातीं पटाशी आहे त्याची. जुन्या वाड्यांतल्या तुळया काढून त्यांचे मांडव करतां येतात. तेंही लांकूड जाणणारासच साधतें.

आमचें म्हणणें सर्व मुलांनीं सुतार व्हावें असें नाहीं. ज्यास व्हावयाचें असेल त्यास लाज वाटूं नये, आणि ज्यास व्हावयाचें नसेल त्यास सुताराची किंमत कळावी, एवढेंच आहे. झांकलेली खाचही नीट करावी, हें नीतिपाठांत शंभर वेळां सांगून जें उमटत नाहीं, तें एक खाच स्वतः बिघडवून पुन्हा केल्यानें उमटतें. उत्तरपत्रिकेंत चूक झाली तर गुण जातात; लांकडांत चूक झाली तर लांकूड जातें, व तें कोणाच्या तरी घामाचें असतें.

म्हणून एक सूचना करितों. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनीं दहा दिवस दप्तरावांचून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावें असें सांगितलें आहे. हे दहा दिवस एखाद्या सहलीसारखे पाहण्यांत व छायाचित्रें काढण्यांत घालवूं नयेत. आमच्या शाळेच्या आवारांत मुलांनीं एका मिस्त्रींच्या हाताखालीं एक मांडव उभा करावा. मोजमाप गणिताच्या तासाला व्हावें, लांकडाची परीक्षा विज्ञानाच्या तासाला, खर्चाचा हिशेब मुलांनींच ठेवावा. मिस्त्रींस वर्गांत इतर शिक्षकांप्रमाणेंच उठून नमस्कार व्हावा व त्यांच्या श्रमाचें योग्य वेतन मिळावें. मांडवावर जाई किंवा मधुमालती चढवावी. पालकांनीं एक दिवस येऊन स्वतः रंधा धरून पाहावा. म्हणजे मुलाच्या हातांतलें काम पाहून काय बोलावें व काय बोलूं नये, हें कोणी न सांगतां कळेल.

पहिला पावसाळा गेल्यावर त्या मांडवांत कोठें फट पडेल, कोठें खुंटी सैल होईल. तीं मुलें ती जाऊन पाहतील, दुरुस्त करतील व दुसऱ्या वर्षींच्या मुलांस समजावून सांगतील. त्यांत एखादा त्या सुतारखान्यांतल्या मुलासारखा असेल. त्यानें आपलें काम घरीं नेलें, तर तें त्यास मान खालीं न घालतां दाखवितां यावें, एवढी विनंती पालकवर्गास करून आम्ही लेखणी खालीं ठेवितों.