अश्रूंपुढचा पाठ

कंबोडियातील साम्यवादी नरसंहार अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना शिकवायचा, तर १९८४ चा ‘द किलिंग फील्ड्स’ हा चित्रपट मोलाचे साधन ठरतो. १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीने शहरे रिकामी केली, चलन रद्द केले, बौद्ध मठ ओस पाडले. उपासमार, वेठबिगारी आणि हत्याकांड यांत सुमारे १७ ते २० लाख माणसे मृत्युमुखी पडली. आकडा पाठ होतो आणि विसरलाही जातो. डिथ प्रान अस्थींच्या राशींतून वाट काढतो, ते दृश्य विसरता येत नाही. ही भूमिका साकारणारे हैंग न्गोर स्वतः त्या राजवटीतून वाचलेले डॉक्टर होते.

परंतु डोळे पाणावले म्हणजे शिक्षण पुरे झाले असे नाही. चित्रपट मुख्यतः एका मैत्रीची कथा सांगतो. अत्याचारांमागील विचारसरणीची चिकित्सा शिक्षकालाच करावी लागेल. नॉम पेन्हमधील एका शाळेचेच ‘एस-२१’ हे यातनागृह झाले. त्याचा प्रमुख डुच एकेकाळी गणित शिकवीत असे. पोल पॉटही शिक्षकच होता. वर्गविहीन समाजाच्या स्वप्नापायी माणूस कःपदार्थ ठरला, की विद्याही संहाराची दासी होते. अंकोरवाटचे भव्य विष्णुमंदिर उभारणाऱ्या भूमीत हे घडले. थोर वारसा आपोआप रक्षण करीत नाही. तो प्रत्येक पिढीने जागता ठेवावा लागतो. चित्रपट संपल्यावर वर्गात चर्चा सुरू व्हावी, ती येथून.