नकाशावरची रेघ आणि कागदावरचा शिक्का

मे महिना आला की आपल्या ग्रुपांवर एक नकाशा फिरायला लागतो. १९१६ साली सायक्स आणि पिको या दोन साहेबांनी पट्टी ठेवून अरब मुल्काचे तुकडे केले आणि आजचं सगळं दुखणं तिथून सुरू झालं, असं खाली लिहिलेलं असतं. करार खरा आहे. लबाडीही खरी. इंग्रज एकीकडे मक्केच्या शरीफ हुसेनला अरब राज्याचं आश्वासन देत होते आणि दुसरीकडे फ्रान्सबरोबर वाटण्या करत होते. तरीही हा नकाशा फॉरवर्ड करणाऱ्या दोस्तांशी मी वाद घालतो, कारण आजचा इराक त्या नकाशात नाहीच. त्यात मोसूल फ्रान्सच्या प्रभावक्षेत्रात होतं. २०१४ साली दाएशने इराक-सीरिया सरहद्दीवरचा बांध बुलडोझरने पाडून ‘सायक्स-पिको संपला’ असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी पाडलेली सरहद्द १९१६ ची नव्हती. पण घोषणा द्यायला तपशील लागतो कुठे!

इराक घडला तो युद्धातल्या आणि युद्धानंतरच्या एकेका निर्णयातून. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याच्या खाली फाओला जी फौज उतरली तिचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन. एप्रिल १९१६ मध्ये कूत इथे उपासमारीने टेकीला येऊन ती तुर्कांना शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि त्या काळी मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी लांबची नाही. पुढे बगदाद पडलं, आणि शस्त्रसंधी झाल्यावर इंग्रजांनी मोसूलही घेतलं. १९२० च्या बंडात शिया-सुन्नी खांद्याला खांदा लावून लढले. १९२१ मध्ये, फ्रेंचांनी सीरियातून हाकललेल्या फैसलला बगदादच्या गादीवर बसवलं गेलं. नाणं मात्र १९३२ पर्यंत हिंदुस्थानी रुपयाच.

हे सगळं पुस्तकांत सापडतं. पण माझ्या मते सर्वांत घातक निर्णय नकाशावर दिसतच नाही. तो १९२४ च्या नागरिकत्व कायद्यात आहे. उस्मानी काळात सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी इराकमधल्या अनेक कुटुंबांनी इराणी प्रजा म्हणून नोंद करून घेतली होती. त्यांत शिया होते, फैली कुर्द होते. पिढ्यान् पिढ्या ते बगदादमध्येच राहत होते, तिथेच दुकानं, तिथेच कबरी. नव्या देशात नागरिक कोण हे ठरवताना जुनी उस्मानी नोंद प्रमाण धरली गेली आणि या लोकांच्या कागदांवर ‘इराणी तबईया’ हा शिक्का राहिला. म्हणजे मुळात इराणी प्रजा.

पन्नास-पंचावन्न वर्षं तो शिक्का कागदांवर तसाच राहिला. मग मे १९८० मध्ये, इराणशी युद्ध पेटायच्या तोंडावर, सद्दामच्या राजवटीने ठराव क्रमांक ६६६ काढला आणि अशा लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. घर-दुकान जप्त करून कुटुंबंच्या कुटुंबं सरहद्दीपलीकडे ढकलली. तरुण मुलांना मागे अडकवून ठेवलं. त्यातले हजारो पुन्हा दिसले नाहीत. ठराव २००६ मध्ये रद्द झाला. हे करणारे लंडन-पॅरिसचे नव्हते, हेही सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात केलेला वर्ग बगदादच्याच राज्यकर्त्यांनी जपून ठेवला आणि गरज पडली तेव्हा वापरला. सगळं खापर सायक्स-पिकोवर फोडलं की ही माणसं सुटतात.

आपल्याकडेही युद्धाची तारीख नागरिकत्वाची तारीख झालेली आहे. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कत्तल सुरू झाली. आसामच्या नागरिक नोंदवहीसाठी २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपर्यंतचे कागद मागितले गेले. ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली, मुसलमानही आणि हिंदूही.

उरलेल्या देशासाठी १९५५ चा नागरिकत्व कायदा आहे, आणि तो वाचलेला तरुण मला क्वचितच भेटतो. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेल्याला जन्मच पुरेसा होता. त्यानंतर आई-वडिलांपैकी एक नागरिक असावा लागला. ३ डिसेंबर २००४ पासून एक नागरिक असणंही पुरेनासं झालं, दुसरा ‘बेकायदा स्थलांतरित’ नसावा ही अटही जोडली गेली. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण या शेवटच्या तारखेनंतरचे असाल. कायद्याचं कलम ३ जेमतेम पानभराचं आहे. नकाशा पुढे पाठवण्याआधी ते वाचा, आणि घरच्यांच्या जन्मदाखल्यांवरची नावं एकमेकांशी जुळतात का तेही बघून घ्या.